त्रेसष्ट जंत

शरदचंद्र कॅनडातल्या व्हिटबीला लेकीकडे, वीणाकडे राहायला आले त्याला चौदा महिने झाले होते. पहिला महिना सासरे-जावई एकमेकांशी बोलले. पुढचे तेरा महिने दोघेही वीणाशी बोलले. टेबल सहा जणांचं, माणसं तीन, हात लांब केला तर मीठ देता येईल एवढंच अंतर. तरी प्रताप म्हणायचा, "नानांना सांग, बेसमेंटचा दिवा रात्रभर चालू असतो." आणि नाना ताटातून मान वर न करता म्हणायचे, "जावईबापूंना सांग, दिवसा उजेड येत असता तर रात्री दिव्याची सवय लागली नसती." वीणा यातलं काहीच कुणाला सांगायची नाही. सांगायची गरजच नसायची.

वैर कशावरून सुरू झालं असं विचारलं तर दोघांनीही थर्मोस्टॅटचं नाव घेतलं असतं. नाना झोपताना तो एकवीसवर न्यायचे, प्रताप उठल्या उठल्या अठरावर आणायचा. पण थर्मोस्टॅट हे निमित्त. खरी गोष्ट अशी की नानांना त्या घरात करण्यासारखं काहीच नव्हतं. नागपुरात चौतीस वर्षं त्यांनी पशुवैद्यकाच्या मुलांना परजीवीशास्त्र शिकवलं होतं. बकऱ्या, कोंबड्या, म्हशी आणि एकदा सर्कशीतलं एक अस्वल, इतक्यांच्या पोटातले जंत त्यांनी मोजले होते. पत्नी गेली, लेकीने बोलावून घेतलं, आणि मोजायची सवय घेऊन ते व्हिटबीत उतरले. इथे मोजायला समोर एक जावईच होता.

जावई मोजण्यासारखा होताही. मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, अठरा वर्षं कॅनडात. चार वर्षांपूर्वी बेसमेंटचं वायरिंग करायला गॉर्डन नावाचा एक म्हातारा इलेक्ट्रिशियन आला, चहा पिता पिता शिकारीच्या गोष्टी सांगून गेला, आणि प्रतापला वेड लागलं. त्याने शिकारीचा कोर्स केला, बंदुकीचं लायसन काढलं, नारिंगी टोपी घेतली. गॉर्डनचा बॅनक्रॉफ्ट गावाच्या वर जंगलात एक कॅम्प होता. कॅम्प म्हणजे लाकडी खोली, एक शेगडी आणि निजायला आठ बंक. साठ वर्षं तीच आठ घरं तिथे जात होती. दारावरच्या फळीत आठ नावं तापलेल्या लोखंडाने डागलेली. पाहुण्याने मात्र आत शिरल्यावर वहीत सही करायची. प्रतापने तीन हंगाम वहीत सही केली. तीन हंगाम सगळ्यांचा स्वयंपाक केला, मागची भांडीही घासली.

यंदाच्या वसंतात आठांतला एक म्हातारा वारला. त्याच्या मुलांना जंगलाची आवड नव्हती. एक बंक रिकामा झाला, म्हणजे फळीवर एका नावाची जागा झाली. ती प्रतापला हवी होती, आणि किती हवी होती हे सांगायचं तर, कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी तो दुपारी ऑफिसला गेला होता. या फळीसाठी मात्र त्याची उन्हाळ्यापासून झोप उडाली होती.

निर्णय सगळ्यांनी मिळून करायचा असला तरी बाकीचे जिकडे गॉर्डन तिकडे. अडसर एकच, गॉर्डनचा पुतण्या काइल. त्याला बंक आपल्या एका मित्राला द्यायचा होता. म्हणून प्रतापने ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी काका-पुतण्याला घरी जेवायला बोलावलं. मेनू एकच, ग्राऊज.

ग्राऊज म्हणजे तित्तिरापेक्षा मोठा, कोंबडीपेक्षा लहान, पाचोळ्याच्या रंगाचा रानपक्षी. पायाखाली येईपर्यंत दिसत नाही आणि उडाला की छातीत धस्स होतं. तो साफ करायला इकडे सुरी लागत नाही. पक्षी उताणा ठेवायचा, दोन्ही पंखांवर बूट ठेवून उभं राहायचं आणि पाय धरून सावकाश वर ओढायचे. पंख आणि छाती बुटाखाली राहतात. पाय, पाठ आणि आतडी हातात येतात. छाती पिशवीत, हातातलं झुडपात, कोल्ह्याला. दहा सेकंदांचं काम. गॉर्डनच्या आजोबांपासून हे असंच चाललेलं.

प्रताप पुण्यातल्या ज्या घरात वाढला तिथे रविवारी कोंबडी आली की कलेजी आणि पेटा आधी वेगळे तव्यावर पडायचे आणि सगळ्यात आधी वडिलांच्या ताटात जायचे. पेटा, म्हणजे पक्षी ज्यात खडे ठेवून दाणे दळतो ती मांसल पिशवी, कोल्ह्याला टाकायची हे त्याला तीन हंगाम सहन होत नव्हतं. या वेळी तो झुडपात वाकला आणि त्याने नऊ पक्ष्यांच्या कलेज्या आणि पेटे वेचून पिशवीत भरले. बाकीचे हसले. तो म्हणाला, शनिवारी खाऊन बघा, साठ वर्षं काय फेकत होतात ते कळेल. एकदा असं बोलून बसल्यावर पेटे वाढणं भाग होतं.

शुक्रवारी दुपारी त्याने दोन पिशव्या सिंकशेजारी ठेवल्या आणि नानांना सांग, नऊ पेटे साफ करायचेत, असं वीणाला सांगून तो मीटिंगसाठी वरच्या खोलीत गेला. वीणा मटण-मासे सगळं शिजवायची, कच्च्याला हात लावायची नाही. नाना लगेच उठले. चौदा महिन्यांत त्यांना या घरात कुणी त्यांच्या हातचं काम सांगितलं नव्हतं.

पहिला पेटा त्यांनी मधोमध चिरला. खडे, झाडाच्या कळ्या आणि पानांचा चोथा धुऊन टाकला. आतली पिवळी जाड साल नखाने सोलली. आणि थांबले. सालीखाली, मांसात, लालसर पांढरे दोरे होते, बोटाच्या पेराएवढे, आणि त्यांतला एक अजून जरासा वळत होता. त्यांनी वीणाकडे वाचायचं भिंग मागितलं. मग भुवया करायचा चिमटा मागितला. मग जॅमची रिकामी बरणी. मग वॉशरूमच्या कपाटातली स्पिरिटची बाटली. वीणा एकेक आणून देत राहिली, कारण वडिलांना गुणगुणताना तिने आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी प्रताप खाली आला तेव्हा नऊ पेटे ताटात स्वच्छ मांडलेले होते, शेजारी बरणी होती, आणि बरणीवर नाना चिकटपट्टी लावून तारीख लिहीत होते.

"हे काय आहे?" त्याने थेट नानांनाच विचारलं. तेरा महिन्यांचा रिवाज इतक्या सहज मोडला की दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"त्रेसष्ट," नाना म्हणाले. "गोलकृमी. नऊपैकी सात पेट्यांत. एकट्या एकात चौदा."

"खाल्ले तर काय होतं?"

"काही नाही. पक्षी नाकतोडे खातो, त्यातून हे त्याच्यात शिरतात. माणसात राहत नाहीत. शिवाय मी काढलेत, तुम्ही शिजवणार. निवांत खा."

"मग ती बरणी फेका."

"बरणी का फेकू?"

"उद्या माझी माणसं येणारेत म्हणून."

"त्यांच्याच जंगलातले आहेत," नाना म्हणाले. "ओळख निघेल."

वीणाने सुचवलं की पेटे राहू देत, नुसता रस्सा करू, नाहीतर त्यांना सांगून टाकू, हसतील आणि विसरतील. प्रतापला दोन्ही मान्य नव्हतं. पेटे काढून घ्यायचे तर का काढले ते सांगावं लागेल, आणि सांगायचं तर काइल कॅम्पभर सांगत फिरेल की इंडियन माणूस आम्हाला जंत खायला घालत होता. तो बोलत गेला तसा आवाज चढत गेला. "तुम्ही जन्मभर शेणात काड्या घातल्यात. त्याला मी नाही म्हणत नाही. पण माझ्या किचनमध्ये नको."

"माझं काम होतं ते. तुम्ही तीन वर्षं परक्यांची भांडी घासताय ते कशासाठी, जावईबापू?"

 प्रताप अगदी हळू म्हणाला, उद्या टेबलावर यातला एक शब्दही निघता कामा नये. निघाला तर काय, हे वीणा समोर असल्यामुळे त्याने सांगितलं नाही. नानांनी बरणीचं झाकण लावलं. "मला विचारल्याशिवाय मी बोलत नाही," ते म्हणाले. "नोकरीत बोललो नाही, इथेही बोलणार नाही."

प्रतापने याचा अर्थ आपल्याला हवा तो घेतला.

शनिवारी पाहुणे बरोब्बर पाचला आले. गॉर्डन चौऱ्याहत्तरचा, लांब कानांचा, टोपी गुडघ्यावर ठेवून बसणारा. काइल चाळिशीतला, छपरं घालण्याचा धंदा करणारा. आत येताच त्याने नाक वर करून हवा हुंगली आणि कुणीतरी शिंकेल अशी आशा असल्यासारखा सगळ्यांकडे पाहत राहिला. पेटे कांदा, हिरवी मिरची आणि काळा मसाला घालून कोरडे परतलेले होते. गॉर्डनने एक तुकडा संशयाने तोंडात टाकला, मग सहा विनासंशय. काइलने चार खाल्ले, प्रत्येक तुकडा आधी काट्याने उलटून पाहून. नानांना हे आकडे माहीत असण्याचं कारण एवढंच की ते समोर बसले होते आणि दुसरं काही करत नव्हते. त्यांनी स्वतः पेटा घेतला नाही. भीती नव्हती. जे तपासलं ते खायचं नाही ही जुनी सवय. त्यांच्या ताटात रस्सा होता आणि कडेला ग्राऊजचं छातीचं हाड, नीट चोखलेलं.

प्रताप रंगात आला होता. गॉर्डन मोकळेपणी म्हणाला होता की साठ वर्षं कोल्ह्यांची चैन झाली. अशा वेळी काइलने विचारलं, तुझे सासरे हे खात नाहीत का. प्रताप घाईघाईने म्हणाला, ते शाकाहारी आहेत.

काइलने नानांच्या ताटातल्या हाडाकडे पाहिलं. गॉर्डननेही पाहिलं. मग काइलने नानांनाच विचारलं की हे खरं का.

आता नानांना विचारलं गेलं होतं. जंतांबद्दल गप्प राहण्याचं ते बोलले होते, पण नागपूरच्या माणसाला भर टेबलावर शाकाहारी ठरवलं जाईल हे त्यात नव्हतं. वर्गातल्या स्वच्छ इंग्रजीत त्यांनी उत्तर दिलं की आपण सगळं खातो, फक्त ज्याची तपासणी केली ते खात नाही. गॉर्डनने विचारलं, कसली तपासणी. नानांनी एकदा प्रतापकडे पाहिलं, उठले आणि बरणी आणून मिठाच्या शेजारी ठेवली.

काइल वॉशरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. गॉर्डनने चष्मा लावला, बरणी दिव्यासमोर धरली, हलवली, पुन्हा धरली. तोंडातला घास त्याने शांतपणे चावून गिळला. मग प्रश्न विचारायला लागला, आणि प्रश्न चांगले होते: किती पक्ष्यांत, कुठल्या, यंदाच्या पिल्लांत की जुन्यांत. तो म्हणाला, काही वर्षं जंगल ग्राऊजनी भरतं आणि मग एकाएकी रिकामं होतं, आम्ही घुबडांना शिव्या देतो, हिवाळ्याला देतो, पण पक्षी आतून कधी उघडून पाहिला नाही. नाना म्हणाले की नऊ पेट्यांवरून काहीही सांगता येणार नाही, नव्वद लागतील. गॉर्डन म्हणाला, मिळतील.

मग तो प्रतापकडे वळला. तुला हे माहीत होतं?

प्रताप म्हणाला, नाही, आत्ता तुमच्याबरोबरच कळतंय.

बरणीवर आदल्या दिवसाची तारीख लिहिलेली होती. देवनागरी आकड्यांत. गॉर्डनला ती नक्षी वाटली असावी. नानांना कुणी काही विचारलं नाही आणि नाना काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी उरलेल्या सातही घरची माणसं कॅम्पवर जमणार होती, जेवणाआधी बंकचा निकाल लागायचा होता. गॉर्डनने दोघांना यायला सांगितलं, आठवड्याभरातले सगळे पेटे बर्फात ठेवतो म्हणाला. काइलने जाताना बूट घालता घालता सिंककडे पाहिलं, तिथून टेबलाकडे पाहिलं, आणि किचन लहान आहे तुमचं, एवढंच म्हणाला.

त्या वाक्याने प्रतापचा आठवडा खाल्ला.

रविवारी सकाळी थर्मोस्टॅट एकवीसवर होता आणि दिवसभर तिथेच राहिला. सोमवारी ऑफिसमधून येताना प्रताप वाट वाकडी करून रिचमंड हिलला गेला आणि नानांना आवडते तसले लहान बांगडे घेऊन आला. मंगळवारी त्याने बेसमेंटमध्ये दुसरा दिवा बसवला. बुधवारी नानांसाठी थंडीचे बूट आले, मापाचे, म्हणजे त्याने जुने बूट उलटे करून नंबर पाहिला होता. नानांनी प्रत्येक गोष्ट घेतली, प्रत्येक वेळी "ठेवा तिथे" म्हणाले, आणि प्रत्येक वेळी वीणाला वाटलं की आता आणखी काहीतरी येणार. गुरुवारी आलंच. ओकव्हिलच्या एका निवृत्त शिक्षिकेने विकायला काढलेला सूक्ष्मदर्शक प्रताप गर्दीच्या वेळी अडीच तास गाडी चालवून घेऊन आला. नानांनी त्याच्या भिंगावर श्वास सोडला, रुमालाने पुसलं, डोळा लावला. "भिंगं चांगली आहेत," ते म्हणाले. जावयाच्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांनी काढलेले हे पहिले चांगले शब्द.

शुक्रवारी चहाच्या वेळेला प्रताप बेसमेंटच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसला. लग्नात नानांच्या पाया पडला होता त्यानंतर इतका खाली तो त्यांच्यासमोर कधी आला नव्हता.

"उद्या काइल विचारणार," तो म्हणाला.

"विचारू दे. तुम्ही उत्तर दिलंय."

"तुम्हाला विचारेल."

"मग मी देईन."

"नाना, खोटं बोला म्हणत नाही. आठवत नाही म्हणा. वयाचं म्हणा." तो पायरीच्या कडेला सरकला. "अठरा वर्षं झाली मला इथे. घराच्या दारावर नंबर आहे, ऑफिसच्या दारावर कंपनीचं नाव. मराठी मंडळात गेलो तर अजून विचारतात, पुण्यात कुठे. एका फळीवर नाव पाहिजे, एवढंच."

नाना सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू वरखाली करत होते. प्रतापचं म्हणणं त्यांना कळत नव्हतं असं नाही. बायको गेल्यानंतर नागपूरच्या घराच्या दारावरची पाटी त्यांनी स्वतः काढली होती आणि ती अजून त्यांच्या बॅगेत होती. पण हे जावयाला सांगणं म्हणजे त्याला एक गोष्ट फुकट देण्यासारखं होतं.

"लवकर झोपा," ते म्हणाले. "उद्या तीन तास गाडी चालवायचीय तुम्हाला."

प्रतापने हा होकार धरला. जिन्यात उभ्या असलेल्या वीणाने धरला नाही. तिने त्या रात्रीच्या स्वयंपाकात नवऱ्याच्या डब्यासाठी मटण जास्त केलं, कॅम्पवर आठ जणांना पुरेल इतकं.

कॅम्पवर खिडकीपाशी नानांसाठी टेबल रिकामं करून ठेवलेलं होतं. शेगडी पेटलेली, भिंतीला कोट, कोपऱ्यात बंदुका. नानांनी नवे बूट दाराशी काढले, सूक्ष्मदर्शक मांडला, आणि बर्फाच्या डब्यातून पहिला पेटा उचलला. बारा होते. सुरुवातीला लोक लांबून पाहत होते. तिसऱ्या पेट्यापासून खांद्यामागे उभे राहायला लागले. पाचव्यात एकोणीस निघाले तेव्हा कुणीतरी शिट्टी वाजवली. प्रताप शेगडीपाशी मटण गरम करत होता. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं, आणि तीन वर्षांत त्याला ते पहिल्यांदाच बरं वाटलं.

आठवा पेटा संपल्यावर गॉर्डन म्हणाला, बंकचं उरकून घेऊ, मग जेवू. काइल भिंतीला टेकून उभा होता. त्याला एकच गोष्ट विचारायची आहे म्हणाला. गेल्या शनिवारी जेवलो त्या किचनमध्ये सिंकपासून टेबल चार पावलांवर आहे. एका माणसाने तिथे बसून नऊ पेटे सोलले, त्रेसष्ट जंत चिमट्याने काढून बरणीत घातले, आणि त्याच घरातल्या ज्या माणसाने ते पेटे परतून आमच्यापुढे ठेवले त्याला पत्ता नाही. हे कसं?

प्रतापने मटणातला डाव खाली ठेवला. त्याने पुन्हा सांगितलं की त्याला माहीत नव्हतं. या वेळी आवाज स्थिर होता, सराव झालेला.

गॉर्डन नानांकडे वळला. त्याने फार साधं विचारलं. "प्रोफेसर, त्याला कधी कळलं?"

नानांच्या हातात चिमटा होता. प्रताप मराठीत म्हणाला, "नाना, एकदाच."

"आदल्या संध्याकाळी," नाना इंग्रजीत म्हणाले. "मीच त्याला आकडा सांगितला. शिजवून खाल्ले तर अपाय नाही हेही सांगितलं. ते खरंच आहे." मग चिमटा खाली ठेवून ते पुढे म्हणाले, "आणि मलाही माहीत होतं. मी समोर बसून तुम्हाला खाताना पाहिलं. तेही धरा."

 गॉर्डन म्हणाला, तुमचं वेगळं, तुम्ही दुसऱ्याच्या घरात होतात. विचारलं तेव्हा सांगितलंत. नानांनी ही सूट घेतली. आपण नुसतं पाहिलं नव्हतं, गॉर्डनचे सात आणि काइलचे चार असं मोजलं होतं, आणि त्या संध्याकाळी त्यांना सर्वांत जास्त मजा त्यातच आली होती, हे त्यांना कुणी विचारलं नाही. म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

मग गॉर्डन प्रतापशी बोलला. रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, जंतांचं मला काही नाही, या खोलीत मी त्याहून वाईट खाल्लंय. पण सकाळी अंधारात आम्ही इथून एका ओळीत निघतो, प्रत्येकाच्या पाठीमागे बंदूक घेतलेला एक माणूस असतो. मागच्याला जे माहीत आहे ते तो पुढच्याला सांगेल, एवढ्या भरवशावर पुढचा चालतो. तू दोनदा नाही म्हणालास. एकदा माझ्या तोंडावर, आणि आत्ता सगळ्यांच्या.

मत घ्यायची वेळच आली नाही. काइल हसला असता तर प्रतापला त्याचा तिरस्कार करता आला असता, पण काइल खाली पाहत होता. गॉर्डनने जेवून जा म्हटलं. प्रताप म्हणाला, मटण तयार आहे, मीठ बेताचं आहे, भांडं नंतर कधी पाठवा. त्याने कोट घातला, टोपी खिशात घातली आणि बाहेर जाऊन गाडीत बसला.

टेबलावर चार पेटे उरले होते. नाना अर्धवट टाकून उठतील असं कुणालाच वाटलं नाही, आणि ते उठलेही नाहीत. बाहेर गाडीचं इंजिन चालू झालं, बंद झालं, पुन्हा चालू झालं. नानांनी नववा उघडला. दहावा उघडला. अकरावा स्वच्छ निघाला, तो त्यांनी दोनदा तपासला. मधे गॉर्डनने त्यांच्यासमोर प्रतापच्या मटणाची वाटी ठेवली, ती त्यांनी खाल्ली, हाडं बाजूला ठेवली, हात धुतले आणि बारावा घेतला. सगळं मिळून पाऊण तास लागला. तेवढ्यात गॉर्डनने विचारलं की डिसेंबरअखेर हंगाम संपेपर्यंत दर शनिवारी याल का. त्याची बहीण व्हिटबीशेजारी ऑशवाला राहते, शुक्रवारी तो तिकडे असतोच, जाता-येता व्हिटबीहून नेईन-आणीन म्हणाला. नाना लगेच हो म्हणाले. घरी विचारून सांगतो असं म्हणण्याइतकाही वेळ त्यांनी घेतला नाही.

गाडीत शिरताना त्यांच्या मांडीवर फक्त कापडी पिशवी होती. प्रतापने मागच्या सीटकडे पाहिलं.

"मायक्रोस्कोप कुठाय?"

"तिथे ठेवला. दर वेळी कोण ने-आण करणार?"

प्रतापने गाडी काढली. मातीचा रस्ता संपून डांबरी लागला. मग तो बोलायला लागला तो थांबेना. म्हणाला, चौदा महिने या दिवसाची वाट पाहत होतात. म्हणाला, खरं बोललात म्हणून स्वतःला मोठे समजू नका, खरं तुम्हाला फक्त माझ्याविरुद्ध आठवतं. म्हणाला, मी वीणाला आजच सांगणार आहे की हा माणूस माझ्या घरात नको. नानांनी सगळं ऐकून घेतलं. त्यातलं दुसरं वाक्य बरोबर होतं असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांनी मनातल्या मनात त्याच्या बाजूला टाकलं.

"वीणाला सांगा," ते म्हणाले. "पण जानेवारीचं तिकीट बघा. डिसेंबरपर्यंत मला शनिवारी काम आहे."

गाडी एका वळणावर जरा जास्तच वेगाने वळली. रस्त्याच्या कडेला पाचोळ्यात एक ग्राऊज उभा होता, मान ताठ करून, गाडीकडे पाहत. दोघांनीही पाहिला. 

"तुम्हाला नाही म्हणता आलं असतं त्याला," प्रताप शेवटी म्हणाला. "शनिवारचं. निदान तेवढं."

"आलं असतं," नाना म्हणाले, आणि पिशवीत हात घालून नव्या बरणीचं झाकण घट्ट बसलंय ना ते त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं.